सेमीफायनलची चिठ्ठी टाकण्यापूर्वी

गोव्यात विश्वचषकाच्या दिवसांत भाकितांना तोटा नसतो. गच्चीवर, नाक्यावर, दुकानाच्या पत्र्यावर ब्राझील, पोर्तुगाल, अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि ज्याचा झेंडा त्याचाच संघ जिंकणार हे आधीच ठरलेले असते. उपांत्य फेरी येईतो निम्मे झेंडे गळलेले असतात. खरा हिशेब तिथून सुरू होतो: चार संघ, दोन सामने आणि मंडळाच्या डब्यात टाकायची एक चिठ्ठी.

फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, कुठल्याही वाड्यावर अशी स्पर्धा लागली तर चिठ्ठी कशी भरावी, ते इथे पायरीपायरीने सांगतो. पैज भाजी-पावाची किंवा मंडळाच्या करंडकाची असावी. मोबाइलवर पैसे लावण्याच्या भानगडीत पडू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बहुतेक लोक आधी संघ बघतात, खेळाडू बघतात आणि मग सामना कसा होईल ते ठरवतात. सेमीफायनलला क्रम उलटा हवा. या टप्प्यावरचा सामना चुरशीचा आणि कमी गोलांचा होतो, हे आधी मनात पक्के करायचे. संघांकडे मग वळायचे.

पायरी १: प्रश्न नेमका काय आहे?

चिठ्ठीवर ‘निकाल’ एवढेच छापलेले असेल तर आयोजकाला गाठा आणि विचारा: ९० मिनिटांचा, १२० मिनिटांचा, की पेनल्टी धरून? २००६ साली डॉर्टमुंडला इटलीने यजमान जर्मनीला २-० हरवले. दोन्ही गोल जादा वेळेच्या अगदी शेवटी, ११९ व्या मिनिटापासून पुढे आले. म्हणजे ९० मिनिटांचा निकाल ०-०, १२० मिनिटांचा २-०. ‘०-०’ लिहिणारा आणि ‘२-०’ लिहिणारा, दोघेही बरोबर ठरू शकतात आणि मग मंडळात रात्री दोनला वाद पेटतो.

म्हणून प्रत्येक सामन्यासाठी दोन वेगळी उत्तरे लिहायची सवय लावा: ९० मिनिटांनंतरचा गोलफलक, आणि अंतिम फेरीत कोण जाणार. ही दोन उत्तरे एकमेकांना बांधलेली नाहीत. ‘१-१, पण पुढे जाणार क्रोएशिया’ असे लिहायला काहीच हरकत नाही, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते.

पायरी २: आधी इतिहास मोजा, संघ नंतर

१९९० ते २०२२ या नऊ विश्वचषकांत अठरा उपांत्य सामने झाले. त्यांतले बारा ९० मिनिटांत निकाली निघाले. दोन जादा वेळेत सुटले: २००६ चा इटली-जर्मनी आणि २०१८ चा क्रोएशिया-इंग्लंड. उरलेले चार पेनल्टीवर गेले: १९९० चे दोन्ही, १९९८ चा ब्राझील-नेदरलँड्स आणि २०१४ चा अर्जेंटिना-नेदरलँड्स. म्हणजे दर तिसरा सामना ९० मिनिटांनंतर बरोबरीत होता.

निकाली निघालेल्या बारांपैकी नऊ एका गोलाच्या फरकाने सुटले, त्यांतही सहा १-० असे. पूर्ण अठरांत दोन किंवा अधिक गोलांचे अंतर ९० मिनिटांत पडले ते फक्त तीनदा: २०१४ मध्ये जर्मनी ७-१ ब्राझील, २०२२ मध्ये अर्जेंटिना ३-० क्रोएशिया आणि फ्रान्स २-० मोरोक्को. हे तिन्ही अलीकडचे असल्यामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे तेच असतात आणि चिठ्ठ्यांत ३-१, ४-१ चा पाऊस पडतो.

गोलही मोजून घ्या. अठरा सामन्यांच्या ९० मिनिटांत मिळून ३८ गोल, सरासरी २.१. जर्मनी-ब्राझीलच्या ७-१ चे, बेलो होरिझोंतेच्या त्या रात्रीचे, आठ काढले तर सतरा सामन्यांत ३०, म्हणजे दोनाच्याही खाली.

विश्वचषक लांबचा वाटत असेल तर मडगावच्या आपल्या फातोर्डा मैदानाकडे बघा. २०२२ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने २६ ऑक्टोबरला मडगावलाच झाले. कोलंबिया-नायजेरिया ०-०, मग कोलंबिया पेनल्टीवर ६-५. स्पेन-जर्मनी १-०. वयोगट वेगळा, खेळाडू वेगळ्या, पण सेमीफायनलचा ताण तोच.

या पायरीचा उपयोग एवढाच की संघ कोणतेही असोत, चिठ्ठीवर पेन टेकवण्यापूर्वी १-०, १-१, ०-०, २-१ हे चार आकडे समोर ठेवायचे. यांपलीकडे जायचे असेल तर ठोस कारण हवे. ‘यंदा ते फॉर्मात आहेत’ हे ठोस कारण नव्हे. सेमीफायनलला आलेले चारही संघ फॉर्मात असतात.

पायरी ३: बळ किती जास्त, ते आकड्यात

फिफाची क्रमवारी बघायची तर क्रमांक सोडा, गुण बघा. तिसरा आणि चौथा यांच्यात कधी चार गुणांचे अंतर असते, कधी चाळीसांचे. २०१८ पासून फिफा जी पद्धत वापरते तिच्यात गुणांच्या फरकावरून अपेक्षित निकाल काढता येतो: फरकाला ६०० ने भागायचे, १० चा उणे तितका घात काढायचा, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. शंभर गुणांचा फरक असेल तर उत्तर ०.५९ ते ०.६० येते. म्हणजे कागदावर बरेच वरचढ वाटणाऱ्या संघाचे पारडेही साठ-चाळीस इतकेच झुकते. ‘एलो’ नावाने जे स्वतंत्र गुणांकन चालते त्यात ६०० च्या जागी ४०० असतात, त्यामुळे तिथला शंभरचा फरक ६४ टक्क्यांचा होतो. दोन्ही तक्ते एकत्र वाचताना ही गल्लत फार होते.

फिफाच्या गुणांत एक खोच आहे. मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीत हरल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. त्यामुळे दर खेपेला उपउपांत्य फेरीत गारद होणाऱ्या मोठ्या संघाचे गुण त्याच्या लायकीपेक्षा थोडे फुगलेले राहतात.

आणि नावाला भुलू नये, याचाही पुरावा घराजवळच आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात इराणने जर्मनीला फातोर्ड्यावर ४-० असे झोडपले होते.

पायरी ४: अपेक्षित गोल आणि गुणाकार

ही पायरी थोडी वेळखाऊ आहे, पण सगळा फरक इथेच पडतो. दहावीचे गणित पुरते.

आजकाल प्रत्येक सामन्यानंतर ‘एक्सजी’ म्हणजे अपेक्षित गोलांचा आकडा दाखवतात. फटका कुठून मारला, कशाने मारला, समोर कोण होते, यावरून प्रत्येक संधीची किंमत ठरते. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोलाहून किंचित जास्त, बॉक्सबाहेरच्या फटक्याची शंभरांत काही थोडी. प्रत्यक्ष गोलांपेक्षा हा आकडा बरा, कारण पाच-सहा सामन्यांत एखादा स्वयंगोल किंवा गोलरक्षकाची चूक चित्र पार बदलून टाकते. पेनल्टी मात्र वगळून मोजा.

क आणि ख असे दोन संघ धरू. या स्पर्धेतले सगळे सामने आणि त्याआधीचे पात्रता किंवा खंडीय स्पर्धेतले सात-आठ सामने एकत्र घ्या. मैत्रीपूर्ण सामने नकोत. समजा क दर सामन्याला १.७ अपेक्षित गोलांच्या संधी काढतो आणि ख समोरच्याला १.१ च्या संधी देतो. दोहोंची सरासरी १.४. उलट बाजूने ख १.२ च्या काढतो, क ०.८ च्या देतो, सरासरी १.०. बेरीज २.४ झाली. सेमीफायनल आखडती असते हे दुसऱ्या पायरीत पाहिलेच, म्हणून दोन्हीकडून ०.१ कापा. उरले १.३ आणि ०.९.

आता या सरासऱ्यांवरून शून्य, एक, दोन, तीन गोल होण्याची शक्यता काढायची. त्यासाठी पॉयसाँ वितरणाचे सूत्र वापरतात आणि ते गूगल शीटमध्ये तयार मिळते. उत्तरे अशी येतात: क चे शून्य गोल २७ टक्के, एक ३५, दोन २३, तीन १०. ख चे शून्य ४१, एक ३७, दोन १६, तीन ५. कोणत्याही गोलफलकाची शक्यता म्हणजे त्या दोन आकड्यांचा गुणाकार. क १-० जिंकण्याची सुमारे १४ टक्के, १-१ ची १३, ०-० ची ११, ख १-० जिंकण्याची १०, क २-० ची ९ आणि २-१ ची ८.

सगळ्यात शक्य असलेला गोलफलकसुद्धा सातांत एकदाच येतो, हे इथे डोळ्यांत भरते. अचूक गोलफलक सांगितल्याची फुशारकी जो मारतो त्याने आणखी किती चिठ्ठ्या टाकल्या होत्या ते विचारावे.

सगळ्या चौकटींची बेरीज केली की ९० मिनिटांत क जिंकण्याची शक्यता ४६ टक्के, बरोबरी २८, ख २६. बरोबरीनंतर जादा वेळ अर्ध्या तासाची, म्हणजे सरासऱ्या एक तृतीयांश: ०.४३ आणि ०.३०. तोच हिशेब पुन्हा केला तर जादा वेळेत क २८ टक्के, ख १८, आणि तरीही बरोबरी ५४. म्हणजे जादा वेळेत गेलेला सामना निम्म्याहून जास्त वेळा पेनल्टीवर जातो. पेनल्टी अर्धीअर्धी वाटली की बरोबरीतून पुढे जाण्याची क ची शक्यता ५५ टक्के. शेवटी ४६ अधिक २८ चे ५५ टक्के, असे ६१.

इतका वरचढ दिसणारा क, आणि तरी शंभरांतल्या ३९ खेपांना घरी जातो. दोन्ही सामन्यांत असाच एकेक ६१ टक्क्यांचा संघ असेल तर दोन्ही विजेते बरोबर सांगण्याची शक्यता ३७ टक्के.

पायरी ५: बातम्यांचे वजन

आता वर्तमानपत्र उघडा. ‘तरुण भारत’, ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’ यांच्या क्रीडापानांवर दुखापती आणि निलंबनांची जुजबी माहिती येते, बाकीचे मोबाइलवर. प्रत्येक बातमीसाठी वरच्या सरासऱ्यांत थोडी कमीजास्त करायची. किती, हे अंदाजाने ठरते. माझा नेम असा की कोणत्याही एका बातमीसाठी ०.१५ गोलांपेक्षा जास्त हलायचे नाही.

पहिली बातमी विश्रांतीची. वेळापत्रक समोर घ्या. २०२६ च्या विश्वचषकात पहिला उपांत्य सामना १४ जुलैला डॅलसला, आणि तिथे समोरासमोर येणारे संघ म्हणजे ९ जुलैच्या बोस्टनच्या सामन्याचा विजेता आणि १० जुलैच्या लॉस एंजेलिसच्या सामन्याचा विजेता. एकाला एक दिवस जास्त. १५ जुलैच्या अटलांटाच्या सामन्यात मात्र दोन्ही संघ ११ जुलैलाच खेळून येतात. संघ ४८ झाल्यामुळे बाद फेरीत एक टप्पा वाढला आणि उपांत्य सामना हा संघाचा सातवा सामना झाला. पूर्वी तो सहावा असे. एका दिवसाच्या फरकाला मी ०.०५ देतो, त्यापुढे नाही.

थकवा त्याहून मोठा. २०२३ च्या आशिया चषकात (तो प्रत्यक्षात २०२४ च्या सुरुवातीला कतारला झाला) दक्षिण कोरिया उपांत्य फेरीत आला तो सौदी अरेबिया आणि ऑस्ट्रेलियाशी लागोपाठ १२०-१२० मिनिटे झुंजून. जॉर्डनने आपले दोन्ही सामने ९० मिनिटांत उरकले होते. त्यात कोरियाचा बचावाचा खांब किम मिन-जे पिवळ्या कार्डांमुळे बाहेर. गटात दोघांची २-२ बरोबरी झाली होती हेही सगळ्यांना दिसत होते. तरी नाव बघून लोकांनी कोरियाच लिहिले. जॉर्डन २-० जिंकला. सामन्याच्या आदल्या रात्री कोरियाच्या संघात भांडण होऊन सोन ह्युंग-मिनचे बोट सरकल्याची बातमी स्पर्धा संपल्यावर बाहेर आली; असले काही कोणत्याच तक्त्यात मावत नाही, आणि वरचा ३९ टक्क्यांचा वाटा त्यासाठीच सोडलेला असतो.

मात्र थकव्यालाही फार वजन देऊ नका. २०१८ चा क्रोएशिया डेन्मार्क आणि रशियाविरुद्ध दोनदा १२० मिनिटे आणि पेनल्टी खेळून इंग्लंडसमोर उभा राहिला. पाचव्याच मिनिटाला गोल खाल्ला, आणि तिसऱ्यांदा जादा वेळ खेळून मान्झुकिचच्या १०९ व्या मिनिटाच्या गोलाने २-१ जिंकला.

निलंबनाचा नियम नीट वाचा, कारण इथे अफवा फार पिकतात. २०१० पासून विश्वचषकात उपउपांत्य फेरी संपली की खात्यावरचे एकटे पिवळे कार्ड पुसले जाते. त्यामुळे ‘त्याच्या नावावर एक कार्ड आहे, तो सांभाळून खेळेल’ हा तर्क सेमीफायनलला लागू नाही. बाहेर राहतो तो उपउपांत्य सामन्यात दुसरे पिवळे किंवा लाल मिळालेला. २०१४ मध्ये ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा असाच कोलंबियाविरुद्धच्या दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर राहिला. नेमारच्या पाठीला त्याच सामन्यात दुखापत झाली. सगळा देश नेमारसाठी हळहळला. मला विचाराल तर सिल्वाची अनुपस्थिती जास्त महागात पडली. आघाडीवीर नसला तर संघ थोडे कमी गोल करतो, पण मधला बचावपटू नसला की सगळी रांग सैल होते. म्हणून बचावपटूसाठी मी समोरच्याच्या खात्यात ०.१५ पूर्ण टाकतो, आघाडीवीरासाठी ०.१.

शेवटच्या तासात संघ जाहीर होतो तोवर चिठ्ठी हातात ठेवता आली तर ठेवा. २०२२ मध्ये फ्रान्सविरुद्ध मोरोक्कोचा बचावपटू अगेर्द जाहीर झालेल्या संघात होता आणि सामना सुरू होण्याआधीच बाद झाला; कर्णधार साईस २१ व्या मिनिटाला बाहेर गेला. तोपर्यंत पाच सामन्यांत फक्त एक गोल, तोही स्वयंगोल, खाल्लेल्या बचावाला फ्रान्सने पाचव्या मिनिटालाच भेदले होते. त्याच दिवशी फ्रान्सचे राबियो आणि उपामेकानोही आजारपणामुळे सुरुवातीच्या अकरांत नव्हते. फ्रान्सकडे त्यांच्या जागी उतरायला तोलामोलाचे खेळाडू होते, मोरोक्कोकडे कमी. राखीव बाक मोजायचा तो यासाठी.

यजमान संघाला लोक उगाच डोक्यावर घेतात. १९९० ते २०२२ मध्ये पाच यजमान विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचले: इटली, फ्रान्स, दक्षिण कोरिया, जर्मनी, ब्राझील. पुढे गेला तो एकटा १९९८ चा फ्रान्स. युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, चित्र थोडे वेगळे दिसते. २००४ चा पोर्तुगाल, २०१६ चा फ्रान्स घरच्या मैदानावर उपांत्य सामना जिंकले. घरचे प्रेक्षक म्हणून ०.१ द्या आणि पुढे चला.

पायरी ६: पेनल्टी

इथे थोडक्यात आटोपू. ५०-५० लिहा. एखादा गोलरक्षक खरोखर पेनल्टीत तरबेज असेल तर ५५ पर्यंत जा. ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात गोलरक्षकाची महती कुणाला सांगायला नको, पण तो मैदानावर असेल की नाही हे आधी बघा. २०१४ मध्ये नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी उपउपांत्य सामन्यात खास पेनल्टीसाठी राखीव गोलरक्षक क्रुलला उतरवले आणि कोस्टा रिकाला हरवले. चार दिवसांनी अर्जेंटिनासमोर पेनल्टी आली तेव्हा तिन्ही बदल वापरून झाले होते. क्रुल बाकावरच राहिला, अर्जेंटिनाच्या रोमेरोने दोन फटके अडवले आणि ४-२ असा निकाल लागला. आता पाच बदल मिळतात, जादा वेळेत आणखी एक. तेव्हा ही अडचण कमी झाली आहे.

पायरी ७: चिठ्ठी भरणे आणि गुण देणे

आपल्या आवडत्या संघाचा सामना असेल तर आकडे दुसऱ्याकडून काढून घ्या. पोर्तुगालच्या चाहत्याने पोर्तुगालचे अपेक्षित गोल मोजू नयेत. आणि मंडळाच्या कट्ट्यावर बसण्यापूर्वी चिठ्ठी घरीच भरा. तिथे जो मोठ्याने बोलतो त्याचा गोलफलक दहा चिठ्ठ्यांवर उमटतो.

आयोजक तुम्हीच असाल तर एक सुधारणा सुचवतो. ‘कोण पुढे जाणार’ याच्यापुढे टक्केही लिहून घ्या. बरोबर उत्तराचे १ आणि चुकीचे ०, त्यातून लिहिलेली शक्यता वजा करून वर्ग काढायचा. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. ६१ टक्के लिहिणारा बरोबर ठरला तर ०.१५ दंड, चुकला तर ०.३७. छातीठोकपणे ९० टक्के लिहिणाऱ्याला बरोबर आल्यास ०.०१, पण चुकल्यास ०.८१. अचूक गोलफलकासाठी वेगळे बक्षीस ठेवा, दोन्हींची सरमिसळ नको. डबा सामना सुरू होण्याआधी सील करा. जुलैतल्या पावसात मध्यरात्रीनंतर वीज गेली आणि अर्धा सामना कुणी पाहिलाच नाही, असे झाले तर अधिकृत निकाल ग्राह्य, हेही आधीच लिहून ठेवा.

दोन्ही चिठ्ठ्या एकदमच घ्या. दुसरा सामना दुसऱ्या दिवशी असतो आणि पहिल्याचा धक्का लोकांच्या डोक्यातून उतरलेला नसतो. ८ जुलै २०१४ ला जर्मनीने सात गोल केले. ९ जुलैला साओ पाउलोत अर्जेंटिना आणि नेदरलँड्स १२० मिनिटे खेळले आणि एकही गोल झाला नाही.